एक कॅप्टन, सव्वीस सहवैमानिक: कोझिकोड विमान अपघाताचं प्रकरण

७ ऑगस्ट २०२०, संध्याकाळचे ७ वाजून ४० मिनिटं. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं १३४४ क्रमांकाचं उड्डाण भर पावसात कोझिकोडच्या करिपूर विमानतळावर उतरलं. ते धावपट्टीवर थांबू शकलं नाही. पठाराची कड ओलांडून सुमारे ११० फूट खालच्या, विमानतळाच्या कुंपणालगतच्या रस्त्यावर आदळलं आणि त्याचे तीन तुकडे झाले. कोविडमुळे परदेशात अडकलेल्यांना घरी आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेतलं हे बोइंग ७३७-८०० विमान. आत १९० जण होते: १८४ प्रवासी, ४ केबिन कर्मचारी आणि २ वैमानिक. त्यांतले २१ गेले. दोन्ही वैमानिक गेले. करिपूर-कोंडोट्टीची माणसं कोविडची भीती गुंडाळून ठेवून अंधारात, चिखलात धावली, मिळेल त्या गाडीतून जखमींना रुग्णालयात नेलं आणि नंतर गपचूप विलगीकरणात जाऊन बसली.

कॅप्टन होते दीपक साठे. हवाई दलातले निवृत्त विंग कमांडर, टेस्ट पायलट, स्वॉर्ड ऑफ ऑनरचे मानकरी, दहा हजार तासांहून जास्त उड्डाणाचा अनुभव. शेजारी सहवैमानिक अखिलेश कुमार, वय ३२.

नागपूरशी नातं असलेला मराठी कॅप्टन म्हटल्यावर आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर त्या रात्रीपासून काय फिरलं ते अनेकांना आठवत असेल. विमानाची चाकं उघडली नाहीत. कॅप्टननी तीन घिरट्या घालून इंधन संपवलं, इंजिन बंद केलं आणि विमान पोटावर उतरवलं, म्हणून आग लागली नाही, म्हणून इतके जीव वाचले. वाचताना घसा दाटून यावा अशी गोष्ट होती. तिच्यात खरं एवढंच होतं की आग लागली नाही. चाकं उघडलेली होती, त्याच चाकांना ब्रेक लावून विमान थांबवायची धडपड झाली होती. पंखांच्या टाक्या फुटून इंधन सांडलं होतं. इंधन संपवण्याचा तर प्रश्नच नव्हता. दुसऱ्या विमानतळाकडे वळण्याइतकं ते शिल्लक होतं, आणि पुढे चौकशीत नेमका हाच मुद्दा कळीचा ठरला.

दुसरीकडे उलट्या दिशेची घाई. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या तेव्हाच्या प्रमुखांनी वाहिन्यांवर बोलताना लँडिंगबद्दल शेरे मारले. ब्लॅक बॉक्समधली माहिती अजून वाचून व्हायची होती. वैमानिकांच्या संघटना इतक्या भडकल्या की त्यांनी या अधिकाऱ्याला पदावरून हटवण्याची मागणी करणारं पत्र थेट मंत्र्यांना धाडलं. बाहेरून हे आपल्या माणसाची बाजू घेणं वाटतं, आणि थोडं तसं असतंही. पण या चिडीमागे एक रास्त अनुभव आहे. अपघातात वैमानिक मेला असेल तर त्याच्यावर खापर फोडणं सगळ्यांच्या सोयीचं असतं. कंपनी सुटते, विमानतळ सुटतो, नियामकही सुटतो. मेलेला माणूस काही खुलासा करायला येत नाही.

म्हणजे आठवड्याच्या आत देशाकडे दोन निकाल तयार होते: कॅप्टन देवमाणूस किंवा कॅप्टन दोषी. चौकशी अजून सुरूही व्हायची होती.

तपास केला विमान अपघात अन्वेषण ब्यूरोने. १३ ऑगस्टला पाच जणांचा गट नेमला गेला. त्यात ७३७चे जुने परीक्षक वैमानिक होते, देखभाल अभियंता होता, विमानवैद्यकाचा तज्ज्ञ होता. शेवटचा सदस्य का घेतात हे लोकांना पटकन उमगत नाही, पण या प्रकरणात त्याच्या शास्त्राला बरंच काम पडलं. अहवाल वर्षभराने, सप्टेंबर २०२१ मध्ये, जाहीर झाला. अशा तपासाचा आंतरराष्ट्रीय नियम आणि आपले २०१७चे नियम एकच गोष्ट सांगतात: हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा भरपाईची जबाबदारी ठरवणं हा नाही. पोलीस पंचनाम्याची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना हे वाक्य पळवाटेसारखं दिसतं. वैमानिकाला ते तसं दिसत नाही. कॉकपिटमधला ध्वनिमुद्रक आपला शब्दन् शब्द टिपतो, हे तो रोज सहन करतो, ते या वाक्याच्या भरवशावर.

आता त्या संध्याकाळकडे.

करिपूरला एकच धावपट्टी. एका टोकाने उतरलं तर तिला २८ म्हणतात, उलट्या टोकाने उतरलं तर १०. वारा पश्चिमेचा होता, म्हणून पहिला प्रयत्न वाऱ्याला तोंड देत २८वर झाला. पाऊस होता. कॅप्टनच्या बाजूच्या काचेचा वायपर सुरू केला, तो २७ सेकंद चालला आणि बंद पडला. आजच नेमका हा जायचा होता, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार मुद्रणात आहेत. धावपट्टी दिसली नाही, त्यांनी विमान पुन्हा वर घेतलं. यालाच गो-अराउंड म्हणतात: उतरणं सोडून द्यायचं, इंजिनांना पूर्ण जोर द्यायचा, वर जायचं आणि नव्याने विचार करायचा. पहिल्या खेपेला त्यांनी अगदी पुस्तकाप्रमाणे केलं. ‘हट्टी कॅप्टन’ असं एका शब्दात बोळवण करणाऱ्यांनी ही पहिली खेप वाचावी.

वायपरचं पुढे काय निघालं? विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत त्याच्या बिघाडाची एकही ओळ नव्हती. या कंपनीत काही बिघाड लेखी न नोंदवता तोंडी सांगायची पद्धत पडली होती, असं तपासाला आढळलं. वायपरबद्दलही असंच कुणी तोंडी सांगितलं असावं, अशी दाट शक्यता अहवालाने वर्तवली, आणि हे पडताळता आलं नाही, हेही लिहिलं. वहीत नोंद झाली की बिघाड दुरुस्त होईतो विमानावर बंधनं येतात, कुणाला तरी सही करावी लागते, उड्डाणाला उशीर होऊ शकतो. तोंडी सांगितलं की कुणाचंच काही अडत नाही. सरकारी असो की खाजगी, ज्याने कुठल्याही कार्यालयात चार वर्षं काढली आहेत त्याला हा प्रकार नवा नाही.

मग धावपट्टी बदलली. दुसऱ्या एका विमानाला १०वरून उडायचं होतं. त्याची सोय करण्याच्या घाईत नियंत्रण कक्षाने वापरातली धावपट्टी बदलली आणि १३४४लाही १० देऊ केली. कॅप्टननी ती घेतली. ओली धावपट्टी, पाऊस, अंधार आणि आता वारा पाठीमागून. टॉवरने वाऱ्याचा वेग ८ नॉट सांगितला (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). चाकं टेकली त्या क्षणी मागून येणारा वारा १४ नॉटचा होता. १०च्या बाजूचा वारा मोजणारा संवेदक नियमाला सोडून भलत्या जागी बसवलेला होता आणि वरचेवर बंद पडायचा. हवामान अधिकारी त्या वेळी टॉवरमध्ये हजर नव्हता. करिपूरला पावसात, पाठवाऱ्यात १०वर विमानं उतरवणं जिवावरचं आहे, असा लेखी इशारा हवाई सुरक्षातज्ज्ञ कॅप्टन मोहन रंगनाथन यांनी २०११ सालीच दिला होता.

उतरतानाची शेवटची दोन मिनिटं अहवालात फार बारकाईने मांडली आहेत. जमिनीपासून सुमारे ५०० फुटांवर ऑटोपायलट काढला गेला. विमान मिनिटाला साधारण ७५० फुटांनी खाली यायला हवं, ते दुपटीच्या जवळ गेलं. सहवैमानिकाने खाली येण्याच्या वेगाबद्दल टोकलं. कॅप्टननी सावरलं. पण आता विमान धावपट्टीवर आलं तरी टेकेना. ते जमिनीपासून थोडं वर तरंगत पुढे पुढे जात राहिलं.

इथे जरा थांबावं लागेल, कारण प्रवाशाची नजर आणि वैमानिकाची नजर इथेच फाटा घेतात. विमान लोण्यासारखं अलगद टेकलं की आपण म्हणतो, वा, काय पायलट आहे! कधी टाळ्याही पडतात. धक्का बसला की नाकं मुरडतो. ओल्या आणि मर्यादित धावपट्टीवर बरोबर लँडिंग म्हणजे ठाम टेकणं, चाकं पाण्यातून खाली दाबली जातील असं. धावपट्टीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात टेकायचं. नाही टेकलं तर सोडून द्यायचं, मग ते कितीही अलगद होणार असो. यात कंपन्यांचाही हात आहे. जोरात टेकल्याची नोंद यंत्रात उमटते आणि वैमानिकाला जाब विचारला जातो. लांब जाऊन टेकल्याबद्दल मात्र तेव्हा नियामकाचं सविस्तर, आधीच सावध करणारं धोरण नव्हतं, असं अहवाल स्पष्ट म्हणतो. ज्याची बोलणी खावी लागतात ते माणूस टाळतो.

१३४४ तरंगत असताना सहवैमानिकाने आधी म्हटलं, ‘जस्ट चेक इट’. ही ठरलेली हाक नव्हे. मग दबल्या आवाजात नुसतं ‘कॅप्टन’. आणि मग, ‘गो अराउंड’. धावपट्टी ८८५८ फूट लांब. विमान टेकलं ४४३८ फुटांवर, बरोबर अर्ध्यात, जमिनीशी वेग १६५ नॉट. म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. ढोबळ हिशेब केला तर धावपट्टीच्या सुरुवातीपासून टेकेपर्यंत पंधराएक सेकंद गेले. त्या पंधरा सेकंदांत एका तरुणाने तीन वेळा तोंड उघडलं, दर खेपेला आधीपेक्षा स्पष्ट, आणि तरी हात पुढे केला नाही. धावपट्टी संपली तेव्हा वेग अजून ८४.५ नॉट होता. त्यापुढची सुरक्षापट्टी, अँटेना, कुंपण पार करून विमान खाली गेलं.

नियम असा आहे की दोघांपैकी कुणीही ‘गो अराउंड’ म्हटलं की उतरणं तिथेच सोडायचं. कॅप्टननी ऐकलं नाही तर सहवैमानिकाने ताबा घ्यायचा. कागदावर सोपं. प्रत्यक्षात डावीकडे दहा हजार तासांचा, हवाई दलातला मानाचा माणूस बसलाय, उजवीकडे दोन हजार तासांच्या आसपासचा. चाकं टेकण्याच्या बेतात दोघांनी दोन दिशांना सुकाणू ओढलं तर तोही अपघातच. आणि समजा ताबा घेतला, विमान सुखरूप वर गेलं. मग उद्या चौकशीत ‘गरज नव्हती’ असं ठरलं तर? सीनियरसमोर, गुरुजींसमोर, घरातल्या कर्त्या माणसासमोर ‘तुम्ही चुकताय’ म्हणायला आपल्याकडे किती जणांना शिकवलेलं असतं? अहवाल याला कॉकपिटमधली अधिकाराची तीव्र उतरण म्हणतो. अखिलेश कुमार यांना धोका दिसला नव्हता असं नाही, तो पुरेपूर कळलेला असूनही त्यांनी ताबा घेतला नाही, असं अहवाल लिहितो, आणि कंपनीचं या बाबतीतलं प्रशिक्षण कुचकामी होतं, हेही लगेच जोडतो.

हे पहिल्यांदा घडलं असतं तर एक वेळ समजण्यासारखं होतं. २२ मे २०१० रोजी मंगळुरूला हीच कंपनी, याच जातीचं विमान, पुन्हा दुबईहूनच आलेलं, तशीच पठारावरची धावपट्टी. १६६ पैकी १५८ मेले. त्या चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. ध्वनिमुद्रणातल्या साधारण दोन तासांपैकी तास-दीड तासाहून अधिक वेळ कॅप्टन झोपलेले होते, हे तेव्हा गाजलं, कारण मथळ्यात ते बसतं. मथळ्यात न बसलेला भाग असा की सहवैमानिकाने तीन वेळा गो-अराउंडची हाक दिली होती आणि तिथेही त्याने ताबा घेतला नव्हता. तिथेही विमान खूप पुढे जाऊन टेकलं. जोरात टेकल्याबद्दलच्या चौकशीची वैमानिकांना वाटणारी धास्ती हा विषयही त्या अहवालात आला होता. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, या एका तत्त्वावर अपघात-तपासाचं सगळं शास्त्र उभं आहे. दहा वर्षांत इथे मागचा शहाणा झाला नाही.

कोझिकोडच्या अहवालातलं ‘संभाव्य कारण’ एका दमात वाचण्यासारखं आहे: विमान चालवणाऱ्याने ठरलेली पद्धत पाळली नाही, अस्थिर स्थितीत उतरणं चालू ठेवलं, गो-अराउंडची हाक असूनही धावपट्टीच्या अर्ध्यावर टेकवलं, आणि देखरेख करणाऱ्याने, म्हणजे सहवैमानिकाने, ताबा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी एवढंच छापलं. ज्यांनी वर्षभर देवमाणसाची गोष्ट जपली होती त्यांना तो अपमान वाटला. ज्यांनी पहिल्या दिवसापासून बोट दाखवलं होतं त्यांना आपण जिंकलो असं वाटलं. पुढची, सहाय्यक कारणांची लांब यादी दोघांनीही सोडली. मला विचाराल तर खरा अहवाल तिथून सुरू होतो.

त्यात लिहिलंय की दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहून एक उड्डाण होतं आणि ते साठे यांनाच न्यायचं होतं. दुसऱ्या विमानतळाकडे वळले असते तर ड्यूटीचे तास लांबले असते, विश्रांतीचा नियम आडवा आला असता आणि सकाळी ते उपलब्ध नसते. मग दुसरा कॅप्टन? कोझिकोडला नेमणूक होती २६ सहवैमानिकांची आणि कॅप्टन फक्त एक. कॅप्टनना कायमचा तळ देताना कामाची गरज काय आहे, हे कंपनीच्या मनुष्यबळ धोरणात धरलेलंच नव्हतं. अहवाल याला कॅप्टनची चुकीच्या जागी लागलेली प्रेरणा म्हणतो. हा शब्दप्रयोग मला कडक वाटतो. कामावर निष्ठा असलेला माणूस नेमका असाच वागतो: उद्याचं विमान माझ्यामुळे अडकू नये. ती निष्ठा कुठल्या क्षणी घातक होते हे त्याला आतून दिसत नाही. म्हणून तर तळावर दुसरा माणूस असावा लागतो.

यादीतला सगळ्यांत अवघड मुद्दा औषधांचा. कॅप्टन मधुमेहाची काही औषधं लिहून दिलेली नसताना घेत होते, त्याने रक्तातली साखर किंचित खाली जाऊन निर्णयक्षमतेवर सूक्ष्म परिणाम झाला असण्याची शक्यता अहवालाने मांडली. त्यांना बाजू मांडता येत नाही अशा वेळी हे छापावं का, असा प्रश्न रास्त आहे. पण हे छापलं नसतं तर वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरण्याच्या भीतीने आज हळूच गोळ्या घेणाऱ्या वैमानिकाला कुणी काही सांगितलंच नसतं. त्या भीतीत त्याची नोकरी असते, घराचा हप्ता असतो. ‘शक्यता’ या शब्दाला मात्र वाचताना धरून राहायला हवं, बातमीत तोच पहिल्यांदा गळतो.

याशिवाय वारंवार बिघडणारा सिम्युलेटर (वैमानिकांच्या सरावाचं नकली कॉकपिट), त्यावर सगळे सक्तीचे सराव न घेताच उरकल्या जाणाऱ्या परीक्षा, ओल्या धावपट्टीवर किती अंतर लागेल हे झटपट काढून देणारं साधन कॉकपिटमध्ये नसणं. विमानतळाबद्दलचं एक निरीक्षण मला फार नेमकं वाटतं: सुरक्षापट्टी, दिवे, प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर नियमात बसत होती, सगळं एकत्र पाहिलं तर वैमानिकाला चुकायला जागाच उरत नव्हती. धावपट्टीच्या मध्यरेषेवर दिवे असते तर कॅप्टनला आपण कुठवर आलोय याचा अंदाज नक्की जास्त आला असता, असंही अहवाल म्हणतो.

१२ जून २०२५च्या अहमदाबाद अपघातानंतर हेच चक्र अधिक वेगाने फिरलं. २६० बळी, आणि महिनाभराने आलेल्या प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेल्याची नोंद. सोबत कॉकपिटमधल्या संवादाचा दोन ओळींचा सारांश: एकाने विचारलं, का बंद केलंस, दुसरा म्हणाला, मी केलं नाही. कुठला आवाज कुणाचा, तेही त्यात नव्हतं. तेवढ्यावर जगभर मुंबईकर कॅप्टन सुमित सभरवाल यांच्यावर लिहिलं गेलं. त्यांचे नव्वदी ओलांडलेले वडील स्वतंत्र चौकशीसाठी सर्वोच्च न्यायालयात गेले. तुमच्या मुलावर कुणी ठपका ठेवू शकत नाही, तो भार मनावर घेऊ नका, अशा अर्थाचं न्यायालय त्यांना म्हणालं. तपासाची मूळ अट, दोष ठरवायचा नाही ही, एका बापाला न्यायालयाच्या तोंडून ऐकावी लागली.

कोझिकोडच्या अहवालाने ४३ सुरक्षा शिफारशी केल्या. ज्या कंपनीच्या वरिष्ठ व्यवस्थापनाच्या धोरणांकडे त्याने बोट दाखवलं ती तेव्हा सरकारी होती, जानेवारी २०२२ मध्ये ती टाटा समूहाकडे गेली. तळावर एक कॅप्टन आणि सव्वीस सहवैमानिक ही रचना कुणाच्या सहीने झाली, हे अहवालात कुणाच्या नावाने लिहिलेलं नाही. नियमानुसार तसं लिहायचंही नसतं.